चावीवाल्यांचा जिना

चावीवाले पाचव्या मजल्यावर पोहोचले तेव्हा बोलण्याइतका श्वास उरला नव्हता. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत जिन्याने ये-जा करणारा हा एकच माणूस. कुणी कारण विचारले की ते गुडघ्यावर हात ठेवत आणि म्हणत, "डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय."

बैठकीच्या खोलीत शिरताच चाचणी विभागातला एक मिस्कील गृहस्थ ओरडला, "आले चावीवाले! कुणीतरी कुलूप आणा रे."

सगळे हसले. चावीवाल्यांचा हात सवयीने सदऱ्याच्या खिशावर गेला. आत अंगठ्याएवढी प्लास्टिकची चावी होती. ती संगणकाला जोडली तरच कंपनीचा महागडा कंपायलर चालू होई, आणि माणसांनी लिहिलेला प्रोग्रॅम लिफ्टला कळेल अशा फाइलीत उतरे. ही फाइल आधी याच इमारतीच्या लिफ्टमध्ये बसे, मग गिऱ्हाइकांच्या. चावी एकच होती. ती ज्याच्या खिशात, त्याच्यावाचून कंपनीचे पान हलत नसे.

एके काळी त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलगी आता विभागप्रमुख झाली होती. हे विकतचे साधन सोडून ओपन सोर्स कंपायलर घ्यायचा, असे तिने ठरवले होते. तो कुणालाही मोफत मिळतो, आतून उघडून पाहता येतो आणि त्याला चावी लागत नाही.

"कुणी कुणी मिळून लिहिलाय तो, ठाऊक नाही," चावीवाले म्हणाले. "उद्या चुकला तर कुणाच्या दाराशी जाणार आहेस? आपल्या कामावर माणसं लटकलेली असतात."

"म्हणून तर तुलना करतेय, सर. तुमची मागच्या महिन्यातली फाइल आणि नव्या कंपायलरने मी बनवलेली फाइल. जिथे फरक निघेल तिथे तपासू."

"एकाच मापाचा सदरा दोन शिंप्यांना दे. टाके सारखे पडतील? हजारो फरक निघतील. तपासता तपासता म्हातारी होशील."

त्यांनी खुर्ची मागे घेतली, पुन्हा पुढे ओढली. चहाचा कप बशीत फिरवत राहिले. प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज तिने गेल्या आठवड्यात त्यांनाच विचारल्या होत्या. चुकीच्या सांगता आल्या असत्या. जीभ वळली नव्हती.

"आवृत्ती कोणती घेतलीस?" त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले.

"दीड वर्षापूर्वीची. नवी घेऊ नये, रुळलेली घ्यावी, हे तुमच्याकडूनच शिकले ना!"

कप बशीतच थांबला.

तिने बटण दाबले. पडद्यावर एक ओळ उमटली : फरक शून्य.

खोलीत टाळ्या वाजल्या. "बघा, फुकटचाही तितकाच चोख!" मिस्कील गृहस्थ म्हणाला. ती मात्र पडद्याकडे पाहत राहिली.

"तुम्ही सगळे चहा घेऊन या. सर, तुम्ही जरा थांबा."

दार लागले. तिने आवाज खाली आणला. "शिंपी दोन ना, सर? मग टाके सारखे कसे?"

चावीवाल्यांनी खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली.

"दीड वर्षापूर्वी सदऱ्याबरोबर धुतली गेली. 'अहो, हे काय निघालं यंत्रातून?' म्हणत बायकोने हातात ठेवली. चावी बनवणारी कंपनी तोवर बंद पडली होती, दुसरी मिळणार नव्हती. मग घरी बसून हा तुझा फुकटचा शिकलो. तेव्हापासूनची प्रत्येक फाइल त्याचीच."

"आणि मेलेली चावी मिरवत राहिलात?"

"दुसरं काय होतं माझ्याजवळ?"

"तपासलंत तरी?"

"प्रत्येक फाइल. सगळे घरी गेले की तळघरातल्या चाचणी-यंत्रावर. एकही चूक सापडली नाही."

"मग घाबरायचं कशाला..." ती मध्येच थांबली. तिची नजर त्यांच्या गुडघ्यांवर गेली. "सर, गुडघे खरंच दुखतात तुमचे?"

चावीवाले टेबलावरची चावी सरळ करू लागले.

"आम्ही रोज चढतो त्या लिफ्टमध्ये. शनिवारी माझी मुलगी येते. तिला लिफ्टच्या दारापर्यंत सोडायला तुम्हीच येता, सर. तिथून टाटा करता."

"चूक सापडली नाही म्हणजे चूक नाही, असं होत नाही ना," चावीवाले पुटपुटले. "एकट्याने तपासलेलं काम तपासलेलं धरायचं नाही, हे तुला मीच शिकवलं."

"हो. तुम्हीच." तिने चावी उचलून त्यांच्या पुढ्यात सरकवली. "सगळ्यांना आत्ता खाली तळघरात बोलावते. सगळे मिळून तपासू, सगळ्यांसमोर. काय झालं ते तुम्ही सांगायचं."

त्यांनी मान हलवली. चावी टेबलावरच राहिली.

दोघे बाहेर आले. लिफ्टसमोर तिचा हात बटणाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. चावीवाल्यांनी तो थांबलेला हात पाहिला. तसा हात त्यांच्या ओळखीचा होता.

त्यांनी स्वतः बटण दाबले. दार उघडले.

"थांब," ते म्हणाले. "आधी मी."

ते आत गेले. दार मिटले, आणि जिन्यावर तिची पावले धावत खाली उतरू लागली.