सोमवारची गाठ

धाकटी पहिलं पाऊल टाकायला लागली, त्या वर्षी तिच्या बापाला धरून नेलं. तो उंच इमारतींना परांची बांधायचा. बांबू आणि दोर, एवढंच त्याचं भांडवल. राहण्याच्या कागदांची मुदत संपली, एवढाच गुन्हा. त्यानेच बांधलेल्या परांचीवर शिपाई चढले आणि त्याला घेऊन खाली आले.

त्याच्या बायकोचे कागद अजून चालत होते. ती छावणीच्या फाटकाशी गेली. कागद नसलेल्या परक्या माणसांना तिथे डांबून ठेवत. खिडकीतला माणूस म्हणाला, "या नावाचा कोणी आमच्याकडे नाही." पुन्हा गेली, पुन्हा तेच. वकील म्हणाला, तो आत आहे याचा पुरावा आणा, मग अर्ज करू.

ती लाँड्रीत कामाला होती. छावणीचे मळके कपडे दर सोमवारी पोत्यांतून तिथेच यायचे. एका सोमवारी कपडे निवडायच्या टेबलावर तिच्या हाताला एक पायजमा लागला. नाडीला गाठ होती. परांचीवाल्यांची गाठ. वजन पडलं की घट्ट होते, तोकडं टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. तिने ओढलं. सुटली. ती तिथेच खाली बसली.

वकील हसला. नाडीची गाठ कोर्टात चालत नाही म्हणाला. पण लाँड्रीत ती चालली. कमरपट्टीवरचा आकडा सगळ्या बायकांनी पाठ केला. पायजमा धुऊन वाळला की ती नाडीला आपली साधी गाठ मारायची. पुढच्या सोमवारी त्याची गाठ यायची. म्हणजे तो होता. धड होता.

टेबलावरची म्हातारी मावशी म्हणायची, "नवरा आत, नि त्याची नाडी बायकोच्या हातात. असं राज्य कुणाला मिळतं?" सगळ्या हसायच्या. इस्त्रीवर उभी असलेली नणंदही हसायची. ती त्याची थोरली बहीण.

बायकांनी तिला एकटं पडू दिलं नाही. धाकटीला आळीपाळीने सांभाळलं. घरमालक भांडायला आला, तेव्हा सात जणी दारात उभ्या राहिल्या. आणि एक गोष्ट ठरली. मावशीनेच ठरवली. ज्या सोमवारी गाठ येणार नाही, त्या सोमवारी मशीन बंद. सगळ्यांनी फाटकाशी जायचं.

"धुतलेल्या चादरी मिळाल्या नाहीत की नाव बरोबर सापडेल त्यांना," ती म्हणाली.

सगळ्यांनी टेबलावर हात ठेवले. बऱ्याच जणींचे कागद धड नव्हते, तरी ठेवले.

मग एका सोमवारी धाकटीला ताप आला. आई घरी राहिली. संध्याकाळी नणंद दारात आली.

"गाठ आली गं," ती म्हणाली. "आता नीट झोप."

ती नीट झोपली.

पुढच्या सोमवारी ती कामावर आली, तेव्हा पायजमा टेबलावर सगळ्यांत वर ठेवलेला होता. नाडीला गाठ होती. तिने तोकडं टोक ओढलं. गाठ सुटेना. आणखी ओढलं, तशी ती जास्तच आवळली. शेवटी दातांनी सोडवावी लागली.

तिने मान वर केली. मशीनची घरघर चालू होती. कुणी तिच्याकडे बघेना.

"वन्सं, ही गाठ कुणी मारली?"

नणंदेच्या हातातली इस्त्री चादरीवर तशीच राहिली. करपल्याचा वास आला.

"त्यानेच शिकवली होती मला," नणंद म्हणाली. "मला कधी जमलीच नाही."

"आणि मागच्या सोमवारी?"

उत्तर मावशीने दिलं. "मागच्या सोमवारी नाडी मोकळी होती. पायजमा ओकारीने माखलेला. दोनदा धुवावा लागला."

"मला का नाही सांगितलं?"

"पोर तापाने फणफणलेली. म्हटलं, तुझ्या जिवाला आणखी घोर कशाला."

"माझी दया आली, की फाटकाशी जायची वेळ आली म्हणून पाय लटपटले?"

मावशी खाली बघून कपडे निवडायला लागली.

"खिडकीतला माणूस मला खोटंच सांगतो, तो नाही म्हणून. तुम्ही सांगितलंत, तो ठीक आहे म्हणून. त्याला निदान त्याचा पगार मिळतो."

तिने मोठ्या मशीनचा खटका खाली ओढला. शेजारचं मशीन मावशीने बंद केलं. तिसरं लाँड्रीच्या मुकादमाने, आणि तोंडातल्या तोंडात कुणाला तरी एक शिवी हासडली. मग सगळ्या जणी निघाल्या. नणंद सगळ्यांत पुढे होती. तिच्याजवळ एकही कागद नव्हता.

फाटकाशी त्या उन्हात उभ्या राहिल्या. खिडकीतला माणूस आधी खेकसला. मग त्याने बायकांच्या पाठीमागे थांबलेला, रिकामाच राहिलेला चादरींचा टेम्पो पाहिला आणि आत गेला. बऱ्याच वेळाने परत आला.

"या नावाचा कोणी आमच्याकडे नाही," तो म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "आता नाही."

परांचीवाला चारच दिवस आधी, गुरुवारी मेला, तापाने. त्याची बायको नीट झोपली, त्या सोमवारी तो जिवंत होता.