मी सांगेपर्यंत

कळमनुरीजवळच्या तांड्यावर एका बोअरला आठशे फुटांखालून कढत पाणी येतं. तशा पाण्यात जगणारे जिवाणू शोधायला मी तिथे गेले, तेव्हा तांड्यातल्या नानीबाईंना बजावलं, "मी सांगेपर्यंत बोअरला कुणी हात लावायचा नाही. आपल्या हातांनी पाणी बिघडतं." दुपारी बाटल्या भरल्या आणि नांदेडची एसटी गाठायच्या घाईत तशीच निघाले.

जिवाणू सापडल्याचं सांगायला तीन आठवड्यांनी परत गेले. बोअरभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि बायका लांबच्या विहिरीवरून हंडे वाहत होत्या.

नानीबाईंनी डोक्यावरचा हंडा उतरवला, पदराने घाम पुसला.

"म्याडम, जगले का तुमचे जीव? आता आमी भरावं का पाणी?"