मुद्देमाल

लाखेचे थेंब कापडी पिशवीच्या गाठीवर पडले आणि हवालदाराने त्यावर पितळी शिक्का दाबला. पिशवीत गोळ्यांची पांढरी बाटली होती.

"ती उघडा," दारातून आवाज आला.

बसची कंडक्टर आत आली. अंगावर गणवेश, खांद्याला तिकिटांची बॅग. ड्यूटी अर्ध्यावर टाकून आली होती. तिचा नवरा, व्यवसायाने सुतार, काल संध्याकाळपासून समोरच्या कोठडीत होता. भिंतीजवळच्या बाकावर तिचा धाकटा भाऊ बसला होता. तक्रार त्याची होती, आणि तिच्या कपाटातून ही बाटली काढून ठाण्यात आणून देणाराही तोच.

"ताई, तुझ्या भल्यासाठीच केलं मी," भाऊ उठून म्हणाला.

"बस खाली. माझं भलं तुझ्याकडे सांभाळायला दिलं होतं का?"

टेबलामागे बसलेल्या फौजदारांनी खुर्ची दाखवली. ती उभीच राहिली.

"बाई, शांत व्हा. तुमच्या नवऱ्याला एचआयव्ही आहे. ते माहीत असताना त्याने तुमच्याशी संबंध ठेवले. हा गुन्हा आहे. तुमच्यावर अन्याय झालाय."

"मला लग्नाआधीपासून माहीत आहे. त्यानेच सांगितलं."

"कायदा ते विचारत नाही. तुम्ही हो म्हणालात, तरी गुन्हा तो गुन्हाच."

"माझ्या अंथरुणात माझा होकार चालत नाही? मग कोणाचा चालतो, तुमचा?"

हवालदाराला एकाएकी खोकला आला. त्याने तोंड फिरवलं.

"मला लागण नाही, साहेब," ती म्हणाली. "दर वर्षी तपासून घेते. तो रोज गोळी घेतो, म्हणून विषाणू तपासणीत सापडण्याइतकाही उरत नाही. इतका कमी असला की तो दुसऱ्याला लागत नाही. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलंय. कालची गोळी चुकली. आजची चुकवायची नाही."

"गोळ्या आता पुरावा आहेत. स्वतःचा रोग त्याला माहीत होता, हे त्यावरूनच सिद्ध होतं. सील कोर्टासमोर उघडेल. सोमवारी अर्ज करा."

"विषाणूला शनिवार-रविवार सुट्टी असते का?"

"मग दवाखान्यातून दुसरी बाटली आणा."

"दवाखान्यालाही सोमवारपर्यंत कुलूप आहे. ते बघूनच इकडे आले."

"अगं, जाऊ दे ना," कोठडीतून नवरा म्हणाला. त्याच्या केसांत अजून लाकडाचा भुसा होता. कामावरूनच उचललं होतं त्याला. "दोन दिवसांत मरत नाही मी. तू ड्यूटी सोडून कशाला आलीस? मेमो मिळेल."

"तू गप्प बस. गोळ्या चुकवत गेलं की विषाणू त्यांना पुरून उरायला शिकतो, हे मला कोणी शिकवलं? तूच ना?"

तो केसांतला भुसा झटकू लागला.

ती फौजदारांकडे वळली. "ज्या गोळीमुळे तो कोणाला बाधत नाही, ती तुम्ही काढून घेतली. आणि धोका त्याच्यापासून?"

"कायदा मी केलेला नाही, बाई."

"मीही नाही."

पिशवी टेबलाच्या कडेला होती. लाख गार झाली की काचेसारखी तडकते. ही अजून मऊ होती. कंडक्टरने गाठ पकडून ओढली तशी लाखेची लांब तार निघाली आणि तिच्या बोटांना चिकटली. चटका बसला असणार, पण तिने सोडलं नाही. सुतळी सुटेना, तेव्हा दातांनी तोडली.

"ओ बाई!" फौजदार उठले. हवालदार टेबलाला वळसा घालून येईपर्यंत ती गजांपाशी पोचली होती. बाटलीचं झाकण तिने उघडलंच होतं.

नवरा एक पाऊल मागे सरला. "वेडी झालीस का? तुलाही आत टाकतील."

"टाकू देत. आ कर."

त्याने तोंड उघडलं. तिने गोळी जिभेवर ठेवली आणि बॅगेतली पाण्याची बाटली गजांमधून आत दिली. त्याने घोट घेतला. गोळी गळ्याखाली उतरेपर्यंत ती बघत राहिली. मग गोळ्यांच्या बाटलीचं झाकण घट्ट लावून तिने ती फौजदारांच्या टेबलावर ठेवली.

"बाकीच्या मोजून घ्या. एकच घेतलीय."

"सरकारी सील तोडलंत तुम्ही," फौजदारांचा आवाज चढला होता. "आमच्या डोळ्यांदेखत. आता गुन्हा तुमच्यावरही दाखल होईल."

"करा. मी कुठे पळतेय? आणि साक्षीदार हवा असेल तर हा बसलाय," तिने भावाकडे बोट दाखवलं. "त्याला हौस आहे."

भाऊ बाकाच्या टोकाला सरकला.

फौजदारांनी कोरा कागद ओढला. ते अर्धवट मोठ्याने बोलत लिहू लागले. "आरोपीच्या पत्नीने पोलिसांसमक्ष मुद्देमालाचं सील तोडलं... बाटलीतली एक गोळी आरोपीला दिली." त्यांनी वर पाहिलं. "कारण?"

"सांगते. आरोपीपासून कोणालाही लागण होऊ नये म्हणून."

पेन चार शब्द चाललं आणि थांबलं. फौजदारांनी लिहिलेलं सुरुवातीपासून पुन्हा वाचलं. हवालदारही त्यांच्या खांद्यावरून वाचत होता.

"थांबलात का, साहेब?" ती म्हणाली. "वाक्य पूर्ण करा, मला खाली सही करायचीय. आणि उद्याचंही आत्ताच लिहून ठेवा. मी पुन्हा गोळी देणार आहे."