जीभ वर कर

भावना प्रयोगशाळेत यकृताच्या पेशींवर औषधं टाकून पाहायची. औषध बाधू लागलं की पेशीत सोडलेलं रसायन लगेच हिरवं चमकायचं.

घरी ती धम्मानंददादाला टीबीच्या गोळ्या स्वतःसमोर गिळायला लावायची.

"मळमळून राहिलं वं. आज नको."

"बहाणे नको सांगू, दादा. तोंड उघड. जीभ वर कर."

चाळीस दिवस तिनं डोळ्यांत तेल घालून पहारा दिला; एक गोळी चुकू दिली नाही.

आज त्याच गोळ्यांतल्या औषधानं काचेच्या बशीतल्या पेशी हिरव्यागार चमकल्या. सीताबर्डीच्या प्रयोगशाळेतून ऑटो करून ती तडक घरी आली. दादा दारात उन्हात बसला होता. तिला पाहताच त्यानं मुकाट तोंड उघडलं, जीभ वर केली.

तिनं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते हळदीसारखे पिवळे झाले होते.