अठ्ठ्याण्णव टक्के खात्री

'आमचे यंत्र आंतरजालावरचे लेखन अहोरात्र वाचते, आणि कालच्यापेक्षा आज अधिक जाणते,' असे संस्थेच्या दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेले होते. वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिकाबाईंनी ते ताटकळत बसल्या बसल्या चारदा वाचले. पूर्वार्धाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. यंत्राने त्यांचा लेख खरोखरच वाचला होता.

भूछत्रांवरच्या त्या लेखाच्या आरंभी त्यांनी सात प्रचलित समजुती क्रमाने मांडल्या होत्या आणि पुढची अकरा पाने त्यांचे वाभाडे काढण्यात खर्ची घातली होती. यंत्राने सातही समजुती उचलल्या. अकरा पानांकडे ढुंकूनही पाहिले नाही. तिसरी समजूत अशी : पांढरे भूछत्र उकळून पाणी टाकून दिले की विष उतरते. बाईंच्या धाकट्या भावाने यंत्राला विचारून परसातली भूछत्रे तशीच शिजवली. अतिदक्षता विभागात त्याचा आज चौथा दिवस होता. यकृत जवळजवळ निकामी झाले होते.

सकाळी भावजयीने मोबाइल पुढे धरला होता. "वन्सं, यंत्राच्या उत्तराखाली आधार म्हणून तुमचंच नाव आहे. आमची ताई चुकायची नाही, असं म्हणून खाल्लं त्यांनी."

प्रकल्पप्रमुखांनी अदबीने खुर्ची दिली. बाई बसल्या नाहीत.

"ते वाक्य माझ्यासमोर खोडा. आणखी कुणाच्या ताटात जायच्या आत."

"मॅडम, एकेक वाक्य खोडायची सोयच ठेवलेली नाही. ते आपलं आपण वाचून शिकतं, आम्ही मध्ये हात घालत नाही." त्यांनी संगणकाचा पडदा बाईंकडे वळवला. "आणि हे बघा ना, खात्री अठ्ठ्याण्णव टक्के. सुरुवातीला साठच होती. आता एकतीस ठिकाणी तेच सापडतंय."

"त्या एकतीस जणांनी कुठून घेतलं?"

प्रमुखांनी दोन-तीन ठिकाणे उघडून पाहिली. "आमच्याकडूनच," ते पुटपुटले.

"वा! म्हणजे आपणच बोलायचं, आपलाच प्रतिध्वनी ऐकायचा आणि मान डोलवायची. असला विद्यार्थी मी पहिल्या सत्रातच घरी पाठवला असता."

"तुमचा राग रास्त आहे. पण यंत्राचा काही वाईट हेतू नव्हता."

"यंत्राला मी काही विचारतच नाहीये. तुम्हाला विचारतेय. ते काय वाचतं, त्यातलं काय खरं धरतं, हे बघायला इथे एकही माणूस नाही?"

प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"होत्या ना एक बाई. पण त्या प्रत्येक वेळी अख्खा लेख वाचत बसायच्या. म्हणून कमी केलं त्यांना."