तासाभरात कधीही

"मघाच्या फोटोत खुर्ची रिकामी होती. कुठे उलथली होतीस?" घरात पाऊल टाकताच नवऱ्याने हेमांगीच्या कानाखाली जाळ काढला.

टेबलावरच्या कॉम्प्युटरचा कॅमेरा तासातून एकदा फोटो काढून त्याच्या मोबाइलवर पाठवायचा. आधी वेळ ठरलेली होती. ती हेरून हेमांगी शेजारी डोकावून यायची. हे कळल्यावर त्याने ठरलेली वेळच काढून टाकली. आता फोटो तासाभरात कधीही निघे; निघताना तेवढा कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लुकलुके.

काल तिने गुपचूप कॉम्प्युटरमध्ये फोटो पाठवायचा दुसरा नंबर घातला होता, फौजदार असलेल्या ताईचा. "एक फोटो मिळू दे, मग त्याला मी बघते," ताई म्हणाली होती.

त्याने लाथ घातली. बरगडी कळवळली. कॅमेऱ्याचा दिवा विझलेलाच. त्याने पट्ट्याने पाठ सोलली. दिवा विझलेलाच. शेवटी दमून तो पाणी प्यायला वळला.

"बस्स? एवढाच दम?" तोंडातलं रक्त थुंकत ती म्हणाली.

त्याने झेप घेऊन तिचे केस धरले आणि तोंड कॉम्प्युटरसमोर टेबलावर आपटलं. तिच्या डोळ्यांसमोर तो हिरवा दिवा लुकलुकला.

खिशातला मोबाइल वाजला. सवयीने त्याने पाहिलं. फोटोत आज पहिल्यांदाच तोही होता.