वाटून दिलेला वेग

भारतच्या खोलीतल्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवरून अख्ख्या केदारखेड्याला इंटरनेट जायचं. कोणत्या घराला किती स्पीड द्यायचा, हे तो कॉम्प्युटरच क्षणाक्षणाला ठरवायचा. भारत फक्त अडीनडीला मध्ये पडायचा.

दुपारी आकांक्षाचा फोन आला. "भारतदादा, माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू सुरू होऊन राह्यला. व्हिडिओ अडकतोय, जरा बघ ना."

भारतनं समोरच्या उषाकाकूंच्या घराच्या स्पीडचा स्क्रीनवरचा आकडा कमी करून तो स्पीड आकांक्षाकडे वळवला आणि सहज खिडकीबाहेर पाहिलं. उषाकाकू ओटा धूत होत्या. बादलीतून ओतलेलं पाणी खाली पडायला तयारच नव्हतं.

त्यानं आकडा वाढवला. पाणी सपकन ओट्यावर आदळलं. कमी केला, तशी पुढची धार हवेतच रेंगाळली.

घाईघाईनं सगळं पहिल्यासारखं करून त्यानं खिडकीतून हाक मारली. "काकू, तब्येत बराबर हाय ना?"

"मला काय धाड भरलीय? तूच मघाशी लई जल्दी जल्दी हलून राह्यला होता."

भारत स्क्रीनकडे वळला. गावातल्या सगळ्या घरांचे आकडे चढत होते. त्याच्या एकट्याच्या घराचा आपोआप खाली येत होता.

ती घसरण थांबवायला त्यानं कीबोर्डकडे बोट नेलं.

खिडकीबाहेरचं ऊन झरकन सरलं. काकूंनी दिवा लावला. ओटा पुन्हा धुतला, पुन्हा धुतला. त्यांचे केस पांढरे झाले. मग ओटा धुवायला दुसरीच कुणी बाई येऊ लागली.

भारतचं बोट अजून कीबोर्डला टेकलं नव्हतं.